शाळेचं नाव : स्वारगेट

शिक्षकांना काही शिकवायला गेलं, की ते आपलं म्हणणं ऐकत नाहीत. आपलं शुद्धलेखन तपासतात. मी स्वतः कॉलेजात गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळे या मंडळींची खोड मला आरशात पाहून ठाऊक होती. तरीही निवृत्तीनंतर मी शाळेतल्या बाईंना आणि सरांना आहाराचे धडे देण्याचं काम पत्करलं, आणि तेही कॉम्प्युटरवरून. घरोघरी ब्रॉडबँड नुकतं येत होतं तेव्हाची ही गोष्ट. माझ्या भावानं विचारलं, ‘‘कॉम्प्युटरवरून जेवण? म्हणजे वास येणार नाही.’’ मी म्हटलं, ‘‘तुझ्या घरी तसाही येत नाही.’’ काम सुरू झालं.

बाणेरला एका काचेच्या इमारतीत ही कंपनी होती. परदेशी बँकांतल्या कर्मचाऱ्यांसाठी ती कॉम्प्युटरवरचे धडे तयार करायची. एका ट्रस्टनं तिला पुण्यातल्या शाळाशिक्षकांसाठी पोषणाचा अभ्यासक्रम करायला सांगितला, आणि कंपनीत पोषण या विषयावर अधिकारानं बोलू शकणारं कॅन्टीनवाल्याखेरीज कुणी नव्हतं, म्हणून मला बोलावणं आलं.

कल्पना चांगली होती. मूल शाळेत डबा उघडतं तेव्हा शेजारी आई नसते, बाई असतात. पहिल्या तासाला कोण पेंगतंय, कुणाच्या ओठांचे कोपरे सारखे फाटतायत, कुणाचा डबा रोज तसाच परत जातोय, हे बाईंना दिसतं. ते कशानं होतं एवढं त्यांना कळलं तरी पुष्कळ. म्हणून आम्ही धडे तयार केले. पडद्यावर चित्रं हलायची, मागे माझा आवाज, शेवटी प्रश्न, आणि उत्तर बरोबर आलं की टाळ्यांचा कडकडाट. तो कडकडाट मला कधी आवडला नाही. लोह कशात असतं हे सांगितल्याबद्दल माझ्या वर्गात कुणाला टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

चित्रं काढणारी मुलं हुशार होती, पण त्यांनी पहिल्या ताटात ब्रोकोली काढली. मी आमचा प्रमुख तुषार याच्याकडे गेले. पोरगा गोड होता. प्रत्येक वाक्यात मला एकदा ‘मॅम’ म्हणायचा.

‘‘मॅम, जरा ग्लोबल लुक ठेवू या.’’

‘‘ठेव. पण ताटातला कोबीही ग्लोबलच आहे. गोल आहे.’’

ब्रोकोली गेली, कोबी आला. हा माझा पहिला विजय. दुसऱ्यासाठी जरा झगडावं लागलं. झालं असं, की पहिल्या तुकडीतल्या बहुतेक शिक्षिका धडा लावून द्यायच्या आणि शेजारी बसून वह्या तपासायच्या. एका बाईंनी तर मला फोनवर प्रेमानं सांगितलं, ‘‘तुमचा आवाज किती छान आहे हो! लगेच झोप लागते.’’ त्या दिवशी मी ठरवलं की प्रात्यक्षिक हवं. दर आठवड्याला प्रत्येकानं घरात जे आहे त्यातून एक पदार्थ स्वतः करायचा, ताटाचा फोटो पाठवायचा, आणि कुणी खाल्लं, कुणी टाकलं ते चार ओळींत लिहायचं.

‘‘मॅम, ऑनलाइन कोर्समध्ये गॅस कुठून आला?’’ तुषार म्हणाला.

‘‘स्वयंपाकघरातून.’’

फोटो येऊ लागले आणि माझ्या आयुष्यात मजा आली. एकीनं लग्नाच्या पंगतीतलं ताट पाठवलं. शेजारच्या पाहुण्याचा मेंदीचा हात त्यात आला होता. मी शेरा दिला, ‘ताट सुंदर. आपलं नाही.’ उत्तरं वाचणं हा तर वेगळाच प्रकार. मराठी टाइप करणं तेव्हा कटकटीचं होतं, म्हणून बऱ्याचजणी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या. त्या लिपीत वाटी आणि वाती एकच दिसतात. ‘एक वाती तेल घ्यावे’ हे वाचून मला क्षणभर वाटलं, बाई दिवाबत्तीला बसल्या.

या गर्दीत शनिवार पेठेतल्या एका शाळेच्या वैशाली तायडे यांची उत्तरं उठून दिसायची. एक म्हणजे ती शुद्ध देवनागरीत असत. आणि दुसरं म्हणजे तसं मराठी मी आहारशास्त्रात कधी वाचलं नव्हतं. कडधान्याला मोड कसे आणावेत, या प्रश्नाला त्यांनी लिहिलं होतं, ‘मटकी रात्री पाण्यात लावावी. सकाळी पाण्यातून काढून फडक्यात रवाना करावी. थंडीच्या दिवसांत मोड येण्यास विलंब होतो. फडके वारंवार उघडून चौकशी करू नये.’

मी पूर्ण गुण दिले.

फोटोंत मात्र गडबड होती. लागोपाठ दोन आठवडे एकच ताट आलं, नुसतं फिरवून. मी लिहिलं, ‘कोशिंबीर डावीकडून उजवीकडे गेली म्हणून नवी होत नाही.’ उत्तर आलं, ‘चूक मान्य. पुढील फेरी नवीन राहील.’

आणि खरंच राहिली. पुढच्या फोटोत उपमा होता असं खाली लिहिलं होतं म्हणून मला कळलं. बांधकामावर उरलेला माल वाटावा असा तो दिसत होता. मला फार आनंद झाला. इतका वाईट पदार्थ कुणी दुसऱ्याचा उचलून पाठवत नाही. तो स्वतःच केलेला असतो. मग दर आठवड्याला काहीतरी येत गेलं. करपलेलं थालीपीठ, पातळ झालेलं पिठलं, मग एकदा चक्क बरी दिसणारी मेथीची भाजी. तिच्याखाली चार ओळी होत्या, ‘नातवाने अर्धी खाल्ली. सूनबाईंनी संपूर्ण खाल्ली व वाटी पुसून घेतली.’

मी चष्मा पुसला. वैशालीबाईंची नोंदणी काढून पाहिली. वय तिशीच्या आसपास, मुलगा दुसरीत. सूनबाई कुठून आली?

भरदुपारी मी त्यांच्या घरी फोन लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, खणखणीत, प्रत्येक शब्दानंतर किंचित थांबणारा.

‘‘वैशालीताई आहेत का?’’

‘‘शिकवण्यांना गेल्यात. काम सांगा.’’

‘‘मी करंदीकर. पोषणाच्या अभ्यासक्रमाची.’’

 मग तोच आवाज, पण निम्मा.

‘‘मॅडम, मेथी नापास झाली काय?’’

‘‘कुणाची मेथी?’’ मी विचारलं.

‘‘धरलंच तुम्ही,’’ ते म्हणाले. ‘‘आता काहून लपवू? जय भीम, मॅडम. मी दामोदर तायडे. वैशालीचा सासरा.’’

मूळचे अकोल्याकडचे. नोकरीसाठी पुण्यात आले आणि स्वारगेटच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, कुठली रद्द, हे जन्मभर ध्वनिक्षेपकावरून सांगत आले. मटकी पाण्यात का लागत होती आणि फडक्यात का रवाना होत होती, ते मला एका क्षणात उमगलं.

‘‘मुलगा कंपनीच्या कामानं अमेरिकेत,’’ ते सांगू लागले. ‘‘सून उजाडायच्या आत स्कूटर काढते. सकाळची शाळा, दुपारी शिकवण्या, मग घरचं. रात्री तुमचा धडा लावला की मान टाकायची. मी म्हटलं, तू झोप, बटणं मी दाबतो. सुरुवातीला नुसती बटणंच दाबली, खोटं कशाला बोलू? मग एक दिवस वाचलं. मॅडम, आपल्याच पोटात काय चाललंय हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.’’

‘‘आणि स्वयंपाक?’’

‘‘तो तुमच्यामुळं. ताट तुम्ही परत पाठवलं ना. सुनेला म्हणालो, अजून एक ताट कर, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग काय करता? लायटर कसा धरायचा ते शेजारच्या बाईंना विचारलं. बायको होती तोवर मी पाण्याचा पेलासुद्धा हातानं घेतला नाही, मॅडम. आता हे सांगताना बरं वाटत नाही.’’

मला हसूही येत होतं आणि पंचाईतही झाली होती. प्रमाणपत्र वर्गात उभ्या राहणाऱ्या बाईंसाठी होतं. सासऱ्यांना कितीही आलं तरी वैशालीच्या वर्गातल्या चौथीच्या मुलांना त्याचा काय उपयोग? मी ते त्यांना सरळ सांगितलं.

‘‘मले नियम सांगू नका,’’ ते एकदम ताठ झाले. ‘‘जन्मभर मीच सांगितले. विनातिकीट म्हणजे विनातिकीट, माहीत आहे मला.’’ मग आवाज पुन्हा खाली आला. ‘‘पण तिला काही होऊ देऊ नका. नोकरी अजून कच्ची आहे तिची. यंदा कायम करणार म्हणालेत. हा अभ्यासक्रम सक्तीचा केलाय मुख्याध्यापिका बाईंनी.’’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सदाशिव पेठेत माझ्या दारात, डोक्यापासून गळ्यापर्यंत ओढणी गुंडाळलेली, नुसते डोळे उघडे असलेली एक मुलगी उभी राहिली. पुण्यात स्कूटरवरून आलेली शिक्षिका आणि दरोडेखोर यांतला फरक फक्त पर्सवरून ओळखता येतो. ओढणी सुटली तेव्हा आत वैशाली निघाली. बारीक, दमलेली, पण आवाज ठाम.

प्रमाणपत्रासाठी रदबदली करायला आली असणार, असं धरून मी तोंड आधीच कडक केलं होतं.

‘‘मॅडम, माझे सगळे मार्क काढून टाका,’’ ती म्हणाली. ‘‘मी पहिल्यापासून करते. मुख्याध्यापिकांना कळवायचं असेल तर तेही मीच कळवते. फक्त एक करा. बाबांचं बंद करू नका.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘तुमचा अभ्यासक्रम आहे म्हणून ते स्वयंपाकघरात जातात. गृहपाठ म्हणून. घरचं काम म्हणून सांगितलं असतं तर गेले नसते हो. त्या दिवशी शाळेतून आले तर ओट्यावर उपमा होता. लग्न झाल्यापासून मी घरी आले आणि काहीतरी तयार आहे, असं पहिल्यांदा झालं. गुठळ्या होत्या, मीठ जास्त होतं. पण गरम होता.’’

 माझं कडक तोंड कुठे ठेवावं ते मला कळेना. मी उठून चहा ठेवला.

चहा होईतो मी ठरवलं. वैशालीचे गुण रद्द. तिनं नव्यानं, स्वतः सगळं करायचं. मुख्याध्यापिकांना काही सांगायची गरज नव्हती, कारण अभ्यासक्रम तिनं अजून पुरा केला नव्हता आणि मुदतही उरली होती. राहिले सासरे. त्यांच्यासाठी वेगळं लॉगिन काढायला मी बाणेरला गेले.

तिथे कॉम्प्युटर अडून बसला. शाळेचं नाव भरल्याशिवाय तो पुढे जाईना. मी ‘नाही’ लिहिलं, ‘लागू नाही’ लिहिलं, त्यानं लाल अक्षरांत मलाच दटावलं. तेव्हा मी शाळेच्या नावापुढे लिहिलं ‘स्वारगेट’ आणि इयत्तेपुढे ‘सर्व’. तो निमूट पुढे गेला. इतक्या महागाच्या यंत्राला एवढंच हवं होतं.

तुषारनं ते पाहिलं. ‘‘मॅम, स्वारगेटला हे कोणतं स्कूल?’’

‘‘फार मोठं. मुलं सारखी येत-जात असतात.’’

‘‘ओके मॅम,’’ म्हणून तो मीटिंगला गेला.

त्यानंतरचे महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात गमतीचे. सासरा आणि सून यांची ताटं वेगवेगळ्या दिवशी येऊ लागली. तायडे प्रत्येक शेऱ्यावर वाद घालायचे. तेलाच्या धड्यावर त्यांनी लिहिलं, ‘आमच्याकडे रश्शावर तर्री नसल्यास प्रवासी गाडीत बसत नाहीत.’ मी लिहिलं, ‘बसवा. प्रवास लांबचा आहे.’ तर्री अर्ध्यावर आली. पार गेली असं मी म्हणणार नाही. एकदा त्यांनी दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानं अंगावर डाग पडतात, असं ठासून लिहिलं. मी विचारलं, कुणाला पडलेले पाहिलेत? उत्तर आलं, ‘चौकशी चालू आहे.’ ती अजून चालू असावी.

वैशालीला संध्याकाळी ताटावर बसायला मिळू लागलं, तशी ती धडे जागेपणी वाचू लागली. पूर्वी पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलांना ती उभं करायची. आता एकेकाला जवळ बोलावून विचारू लागली, ‘‘काय खाऊन आलास?’’ उत्तर बहुतेकांचं एकच. चहा-बिस्कीट. काहींचं नुसता चहा. तिनं मुख्याध्यापिकांच्या मागे लागून छोटी सुट्टी अलीकडे ओढून घेतली, पहिल्या दोन तासांनंतर लगेच, आणि त्या सुट्टीत स्वतः वर्गात बसून डबा खाऊ लागली. बाई खातात म्हटल्यावर मुलंही डबे उघडू लागली. हे आमच्या कुठल्याच धड्यात नव्हतं. मी नंतर घातलं, तिला विचारून.

मग संकट आलं, आणि ते माझ्याच हातचं होतं. तुकडी संपली तेव्हा कॉम्प्युटरनं आपापलीच गुणवत्ता यादी लावली आणि तुषारनं ती तशीच ट्रस्टला पाठवून दिली. ट्रस्टनं समारंभ ठरवला, पत्रिका छापल्या. माझ्या हातात पडलेल्या पत्रिकेवर पहिलं नाव होतं, ‘श्री. दा. तायडे सर, स्वारगेट’.

मी तायडेंना फोन केला. ‘‘तुम्ही आजारी पडा.’’

‘‘काहून? प्रथिनं व्यवस्थित चालू आहेत.’’

‘‘अहो, समारंभाला वैशालीच्या मुख्याध्यापिका येणार आहेत. तुम्ही या अभ्यासक्रमात कसे शिरलात असं कुणी विचारलं, तर काय सांगाल?’’

‘‘खरं सांगेन. मी खोटी गाडी कधी पुकारली नाही.’’

त्यापुढे त्यांनी काही ऐकून घेतलं नाही.

समारंभाला तायडे पांढराशुभ्र सदरा घालून पहिल्या रांगेत आले. त्यांच्या शेजारी वैशाली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. तिच्यापलीकडे मुख्याध्यापिका. नाव पुकारलं गेलं. तायडे वर गेले, ट्रस्टच्या अध्यक्षबाईंनी शाल घातली, आणि मला जिची भीती होती ती गोष्ट त्यांनी केली. माईक तायडेंच्या हातात दिला.

‘‘सर, या अभ्यासक्रमाकडे कसे वळलात, ते सांगा ना.’’

माईक हातात आल्यावर तो माणूस बदलला. एकदा बोटानं टकटक केली, सभागृहावर नजर फिरवली, आणि तो खणखणीत आवाज घुमला.

‘‘माझी सून शिक्षिका आहे. दिवसभर राबून रात्री ती अभ्यासाला बसायची. बसल्या जागी तिला झोप लागायची. कॉम्प्युटर तसाच चालू राहायचा. वीज वाया जाऊ नये, म्हणून मी वाचत बसलो.’’

सभागृह हसलं. मुख्याध्यापिका हसल्या. वैशालीनं ओढणी सोडली. मी मनातल्या मनात तो जबाब पुन्हा एकदा तपासला. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

‘‘आणि आपली शाळा? स्वारगेटला कुठे?’’ अध्यक्षबाईंनी विचारलं.

‘‘शाळा नाही, मॅडम. बसस्थानक. ते कसं झालं, ते करंदीकर मॅडम सांगतील.’’

सुनेला त्यांनी शिताफीनं वाचवलं आणि मला चालत्या गाडीपुढे उभं केलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. तुषार एकटाच आपल्या बुटांकडे पाहत होता. मी उठले.

‘‘फॉर्ममध्ये शाळा सोडून दुसरा रकाना नव्हता,’’ मी म्हटलं. ‘‘आणि हा माणूस शिकत होता. त्याला बाहेर कसं काढायचं?’’

अध्यक्षबाई पुण्यातल्याच होत्या. त्यांनी माझ्याकडे पुरेसा वेळ पाहिलं.

‘‘माणसं बाहेर काढण्यापेक्षा रकाना वाढवणं सोपं आहे, असं आपल्याला सुचलं नाही का?’’

‘‘आत्ता सुचलं,’’ मी म्हटलं आणि खाली बसले.

पुढच्या तुकडीच्या फॉर्मवर ‘शिक्षकांच्या घरची माणसं’ असा रकाना आला. कंपनीकडून मला एक लांबलचक ईमेल आली, तिच्यात ‘प्रक्रिया’ हा शब्द इतक्यांदा होता की मी तिचा अर्थ लावायचा नाद सोडला. नव्या रकान्यातून झुंडीनं सासरे आले असतील, असं वाटत असेल तर तसं काही झालं नाही. मोजके नवरे आले. त्यातले बहुतेक चहापर्यंत पोचले आणि तिथेच स्थायिक झाले.

वैशाली कायम झाली, स्वतःच्या गुणांवर.

काही काळानं ट्रस्टनं दुसरा विषय हाती घेतला, कंपनी पुन्हा बँकांकडे वळली आणि आमचे धडे कुठल्यातरी कपाटात गेले. शेकडो शिक्षकांनी ते पाहिले असं कंपनी सांगायची. त्यांतल्या किती जणांनी वह्या बाजूला ठेवून पाहिले, किती वर्गांत डबे नीट उघडले गेले, ते मला कधी कळलं नाही. कॉलेजात मुलींचे चेहरे तरी दिसायचे. इथे मी काचेत बोलत राहिले आणि पलीकडे कोण आहे, हे क्वचितच समजलं. त्याची रुखरुख अजून आहे.

तायडेंच्या बाबतीत मात्र मला वेगळीच धास्ती होती. गृहपाठ संपला, आता ते खुर्चीत जाऊन बसले असतील तर? बरेच दिवस मी विचारायचं टाळलं. शेवटी एका रविवारी त्यांच्या घरी गेले. दार वैशालीनं उघडलं. आतून कुकरच्या शिट्ट्या आणि लसणाचा वास येत होता.

‘‘कोण आहेत?’’ आतून आवाज.

‘‘करंदीकर मॅडम आहेत, बाबा.’’

‘‘बसायला सांग. जेवण दहा मिनिटं उशिरानं आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहे.’’

वैशालीनं मला बाहेरच्या खोलीत नेलं आणि आवाज अगदी खाली आणला. ‘‘मॅडम, बरं झालं आलात. मसाल्याचे डबे त्यांनी आपल्या मनानं लावलेत, मला काही सापडत नाही. रविवारी तरी मला करू द्या म्हटलं, तर म्हणतात, फलाट रिकामा नाही. सासऱ्यांना स्वयंपाकघराच्या बाहेर काढायचा काही अभ्यासक्रम असतो का हो?’’

मी म्हटलं, ‘‘तो तयार करायला तुझ्या घरी मुक्काम करावा लागेल. आधी जेवून बघते.’’